व्रतस्थ व्याही

“व्रत किती दिवसांचं आहे?” मुलाच्या आजीने मला विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझा मेहुणा अरविंद म्हणाला, “चातुर्मासाचं.”

बाहेर वैशाखातलं ऊन होतं. आजींनी एकदा खिडकीकडे आणि एकदा अरविंदकडे पाहिलं. “चातुर्मास आषाढात लागतो ना हो?”

“भावोजींना सगळं वेळेआधी करायची सवय. पाटबंधारे खात्यात होते.”

यावर कुणीच हसलं नाही. त्या घराण्याचा पाटबंधारे खात्याशी कधी संबंध आलेला नसावा. आजींनी मात्र मला मनापासून हात जोडले. मौनव्रत घेतलेला व्याही मिळणं ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. “चेहरा बघा किती शांत,” त्या सुनेला म्हणाल्या. मी शांत नव्हतो. ‘व्रत नाही’ हे दोन शब्द मी मघापासून शोधत होतो, आणि पहिला सापडला की दुसरा हरवत होता.

केतकीने, माझ्या मुलीने, तन्मय चिंचणीकर स्वतःच पसंत केला होता. आमच्या मिरजेच्या घरी दोन्ही घरं जमली होती ती केवळ पोह्यांना न्याय द्यायला. तन्मयला माझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं. पण अरविंदने आजीसमोर एवढी मोठी फेक केल्यावर तो बिचारा पोह्यातले शेंगदाणे मोजत बसला.

पाहुणे गेले आणि केतकी मामावर फिरली.

“मामा, तुला कुणी सांगितलं होतं?”

“अगं, वेळ निभावली. डोक्याला मार लागलाय म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. म्हणजे वेडे का?”

“बाबा वेडे नाहीत.”

“मला माहितीये. तुला माहितीये. त्यांच्या आक्काआजीला कसं कळणार? भावोजी एक वाक्य बोलणार, तोवर चहा निवणार.”

सुलभा, माझी बायको, कपबश्या गोळा करत होती. तिने भावाची बाजू घेतली नाही, मोडलीही नाही. “एवढं लग्न होऊ दे,” ती हळूच म्हणाली. “मग सांगू सावकाश.”

“आणि साखरपुड्यात ओळखी कोण करून देणार?” केतकीने विचारलं.

आमच्याकडे साखरपुड्यात मुलीचा बाप उभा राहतो आणि आपल्याकडच्या एकेकाचं नाव, नातं सांगून ओळख करून देतो. तो माणूस उठून नमस्कार करतो. कुणाचं नाव आधी घेतलं, कुणाचं नंतर, यावर पुढची कित्येक वर्षं बोलणं चालतं किंवा बंद होतं. बाप असताना दुसऱ्याने हे काम केलं, की बाप असून नसल्यासारखा.

“मी करतो ना,” अरविंद म्हणाला.

“मी...” मी सुरुवात केली.

“बघ, भावोजीपण म्हणतायत, मीच करावं.”

मला म्हणायचं होतं, ‘मीच करणार.’ पण अरविंद मनाने इतका चांगला, की माझं वाक्य मी सुरू करायच्या आधीच तो संपवून टाकायचा. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी उजवा हात वर केला, तो अर्ध्यात थांबला, म्हणून डावा केला आणि छातीवर आपटला.

“बाबा करणार,” केतकी म्हणाली.

सुलभाच्या हातातल्या कपबश्या वाजल्या.

* * *

त्याच्या आधीच्या दिवाळीत मी आकाशकंदील टांगायला खुर्चीवर स्टूल ठेवून चढलो होतो. सुलभा खाली स्टूल धरून ‘पडाल’ म्हणत होती. मी वरून तिला समजावत होतो, की इतकी वर्षं कंदील लावतोय, आजवर कधी... ते वाक्य तेवढंच राहिलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला. चालणं परत आलं, उजवा हात रेंगाळत का होईना आला. ऐकलेलं सगळं कळत होतं. लोकांचे विनोदही कळत होते, आणि ते पूर्वीइतकेच वाईट होते. फक्त बोलायला गेलं की शब्द यायचा नाही, नाहीतर भलताच यायचा. जेवताना मीठ मागायला जावं तर ‘चप्पल’ यायचं. एकदा सुलभाने खरंच चप्पल आणून दिली. तिचं मन मोडू नये म्हणून मी ती घातली आणि अळणी जेवलो.

आणि हे व्हावं कुणाला? गावात कुणाचाही सत्कार असो, सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. ‘आता आवरा’ म्हणून आयोजक मागून माझा सदरा ओढायचे. तोच मी आता दुकानात उभा राहिलो की दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत घामाघूम व्हायचा आणि हाताला लागेल ते पिशवीत भरायचा. लोक वाईट नसतात. त्यांना मदत करायची फार घाई असते. मी हळूहळू बाहेर जाणंच बंद केलं. घरी सुलभाला न बोलता सगळं कळायचं, आणि त्यामुळे मी बोलायचं कारणही संपत चाललं होतं.

त्यातून मला बाहेर ओढलं ते निलोफर मुजावर मॅडमनी. त्या बोलायला शिकवायच्या. मेंदूला मार बसलेल्या आम्हा मंडळींना त्या रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमवायच्या. बसायला पाचवीच्या मुलांची बाकं. एकदा बसलं की दुसऱ्याने धरल्याशिवाय उठता यायचं नाही. आमची एकी मुळात तिथून सुरू झाली.

नियम एकच होता. कुणाचं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही, डोळ्यांनी ‘हं, हं’ करून ढकलायचं नाही. चुकून कुणी शब्द पुरवलाच, तर बोलणाऱ्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. शब्द पुरवणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नव्हती.

तिथे माझी गट्टी जमली ती सिंधूताई आवटे आणि बबन घोरपडेशी. सिंधूताई शाळेत पीटीच्या बाई होत्या. डोक्यात रक्तस्राव झाल्यापासून त्यांच्या जगातून डावी बाजू गेली होती. डोळे ठणठणीत, पण मेंदू डावीकडची दखलच घ्यायचा नाही. पोळी अर्धी खायच्या आणि ‘आज पोळ्या लहान झाल्या’ म्हणायच्या. डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्यांच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. मान पूर्ण वळवायची, असं मॅडमनी त्यांना शिकवलं होतं. आठवण राहिली तर त्या वळवायच्या.

बबनचा ट्रक उलटला होता. तेव्हापासून सकाळचं त्याला दुपारी आठवायचं नाही. दर रविवारी तो मला नव्याने भेटायचा आणि दर रविवारी मी त्याला आवडायचो. इतका नियमित मित्र मला दुसरा मिळालेला नाही.

साखरपुड्याचं मी त्यांना सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. कुणी मध्ये बोललं नाही.

“नावं फार आहेत, सर,” निलोफर मॅडम म्हणाल्या. “आपल्याला नावंच सगळ्यात जड जातात. चालीवर म्हणून बघायचं का? आरती तर तुम्ही सबंध म्हणता.”

ते खरं होतं. गायला लागलं की माझे शब्द सुरळीत यायचे. पण मुलीच्या सासरच्यांना थोरल्या चुलत्यांची ओळख आरतीच्या चालीत करून द्यायची, म्हणजे व्रतापेक्षा अवघड प्रकरण. मी मान हलवली.

“बो... बोलून,” मी म्हणालो.

“मध्ये बोलणारे कोण कोण आहेत तुमच्यात?” सिंधूताईंनी विचारलं. त्यांचा आवाज मैदानावरचा होता.

“अर...” म्हणून मी थांबलो. सगळे थांबले. “अरविंद.”

“एकच? मग सोपं आहे. तो जिथे बसेल त्याच्या शेजारी मी बसते. त्याने तोंड उघडलं की माझ्याशी गाठ. बबन, तू मागच्या रांगेत उभा राहा. कुणीही आवाज केला की...” त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

“करतो की,” बबन म्हणाला. “कुठं?”

आम्ही त्याला कार्यालयाचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. दुपारी केतकीने फोन करून त्याला वहीत लिहून घ्यायला लावलं. मग आम्ही निर्धास्त झालो.

तयारीला मी घरीच लागलो. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे डाव्या हाताने मांडीवर थाप द्यायची, नाव तोडून तोडून म्हणायचं. सुलभा स्वयंपाकघरातून ऐकायची. माझ्या थोरल्या भावाचं नाव पुरुषोत्तम. ते मी कितीतरी सकाळी एका बाजूने चढायचा प्रयत्न केला आणि ‘पुरणपोळी’वर उतरलो. सुलभा एकदा बाहेर आली. डोळे पुसत म्हणाली, “कशाला हो हा हट्ट? लोक हसतील.”

“हसू... दे,” मी म्हणालो. हे दोन शब्द तेव्हा मला कसे सापडले कुणास ठाऊक.

* * *

कार्यालय दुमजली होतं. आमचा कार्यक्रम वर होता, खाली कुणाची तरी मुंज होती. सिंधूताई वेळेआधी आल्या, शिट्टी तेवढी आणली नव्हती. अरविंदला हेरून त्या त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. निलोफर मॅडम येऊन मागच्या रांगेत बसल्या. बबनचा पत्ता नव्हता.

केतकी आणि तन्मय पाटावर बसले, साखरेचे पुडे दिले-घेतले, अंगठ्या झाल्या. गुरुजी म्हणाले, “आता मुलीकडच्यांनी ओळखी करून द्याव्या.” अरविंदने कुर्ता सारखा केला. पण मी आधी उभा राहिलो.

चिंचणीकरांच्या बाजूला एकदम खळबळ झाली. आक्काआजी हात जोडत पुढे आल्या. “नको नको! आमच्यासाठी व्रत मोडू नका. आम्हाला पाप लागेल. मामा सांगतील ना.”

हा अडथळा आमच्या हिशेबात नव्हता. समोर म्हातारी हात जोडून उभी, मागे सगळं तिचं गणगोत हात जोडून उभं. मी डाव्या हाताने मांडीवर थाप दिली.

“व्रत... नाही.”

हात जोडलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

“प... पडलो. आकाश... कंदील.”

सगळ्यांनी वर छताकडे बघितलं. तिथे पंखा होता.

“डोकं,” मी म्हणालो आणि डोक्यावर हात ठेवला. “बोलायला... वेळ... लागतो.”

आजींचे जोडलेले हात हळूहळू सुटले. मी सुलभाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं आलं नसतं.

“ही माझी...”

“पत्नी! सौ. सुलभा!” अरविंद म्हणाला.

मी वाट पाहिली. सिंधूताई जागच्या हलल्या नाहीत. त्या करारी नजरेने समोर बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं, की अरविंद त्यांच्या डाव्या हाताला बसला होता. मघाशी त्याला पाहून त्या बसल्या खऱ्या, पण बसल्या क्षणी तो त्यांच्या जगातून नाहीसा झाला होता.

नियम मात्र नियम होता. मी पहिल्यापासून सुरुवात केली.

“व्रत... नाही.”

“भावोजी, ते झालं,” अरविंद कळवळून म्हणाला.

“पडलो. आकाश... कंदील.” या वेळी छताकडे फक्त लहान मुलांनी पाहिलं. “ही माझी...”

“पत्नी! सौ.—”

“व्रत... नाही.”

आता चिंचणीकरांच्याच बाजूने कुणीतरी म्हणालं, “अहो मामा, बोलू द्या की त्यांना.” त्या आवाजाने सिंधूताई सावध झाल्या. मामा नावाचा प्राणी बोलतोय, पण दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी उजवीकडे पाहिलं. आणखी उजवीकडे पाहिलं. मग खुर्चीसकट उजवीकडे सरकत, पाय आपटत, मागच्या रांगेला पाठीने ढकलत त्या सबंध गोल फिरल्या आणि अरविंदच्या समोरासमोर आल्या.

“अगंबाई!” त्या मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या. “हा इथे आहे होय!” आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. पीटीच्या बाईंचा हात होता. अरविंद गप्प झाला.

“ही माझी...” मी म्हणालो, “आई.”

हशा पिकला. शब्द गेला होता, परत घेता येत नव्हता. मी “नाही, नाही” म्हणत दुसरा शोधत होतो. तेवढ्यात सुलभा उठली. तिला शब्द पुरवता आला असता, इतके महिने ती दुसरं काय करत होती? पण तिने पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “असू दे. दोन्हीही मीच करते. तुम्ही शोधा, मी उभी आहे.”

तिने उभं राहून वाट पाहिली. “बायको,” मी शेवटी म्हणालो. मग ती नमस्कार करून बसली.

त्यानंतर मी निघालो तो थांबलो नाही. म्हणजे थांबत थांबत निघालो. पुरुषोत्तमदादा एका झटक्यात आला. त्याच्या बायकोला मी ‘दादा’ म्हणालो, तर तीही उठून उभी राहिली. आचारी दोनदा दारात येऊन भात निवतोय असं सांगून गेला. गुरुजींनी जानव्याशी खेळत डोळे मिटले. पण बोलायला कुणी उठलं नाही. मी एखाद्या नावापाशी अडलो की ते नाव ज्याचं, तो माणूस माझ्याकडे असा बघायचा, की जणू मी ते काढलं नाही तर तो आयुष्यभर बिननावाचा राहील.

आणि मग अरविंद आला.

नाव समोर होतं आणि नव्हतं. मी मांडीवर थापा दिल्या. तोंड उघडलं, मिटलं. अरविंद लाल झाला होता. इतकी वर्षं सगळ्यांची वाक्यं पूर्ण करणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव माहीत होतं आणि उच्चारता येत नव्हतं. त्याचे ओठ ‘अ’पर्यंत यायचे. सिंधूताईंचा हात गुडघ्यावर दाबला जायचा. तो ओठ मिटायचा. मी त्याच्याकडे पाहत होतो, तो माझ्याकडे. मला वाटतं, मी कुठे उभा असतो ते त्याला पहिल्यांदा त्या दिवशी दिसलं.

“मा... माझा मेहुणा,” मी म्हणालो. “अर... विंद. माणूस... चांगला.”

अरविंद उठला, नमस्कार करायच्या ऐवजी चष्मा काढून पुसत बसला. सिंधूताई म्हणाल्या, “आता बोलला तरी चालेल.” पण तो काही बोलला नाही.

शेवटी मी सिंधूताई आणि निलोफर मॅडमकडे बोट केलं. त्यांचं नातं काय सांगायचं, हे मी ठरवून आलो नव्हतो. शोधूनही सापडेना. “या... माझ्या,” एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. वाक्य तेवढ्यात पूर्ण झालं होतं.

आता मुलाकडच्यांची पाळी होती. तन्मयच्या वडिलांनी भराभर नावं घेतली. “आणि माझे धाकटे बंधू उदय. ते आसामात असतात, येऊ शकले नाहीत.”

“माडीवर असतो,” आक्काआजी म्हणाल्या.

“आई—”

“मोटारसायकलवरून पडल्यापासून माडीवर असतो. बोलत नाही, खाली येत नाही. त्याला आसामात कुणी पाठवला मला माहीत नाही.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही लोक घरी येता का हो?”

जेवायला बसलो तेव्हा जिन्यावरून बबन वर आला. कपाळाला मुंजीतल्या अक्षता चिकटल्या होत्या. “लई शांततेत झालं बघा,” तो आनंदाने म्हणाला. “एक म्हातारा सारखा भटजीच्या मधी बोलत हुता. गप बसवला त्याला.” मुंजवाल्यांनी त्याला आहेर करून पाठवलं होतं.

* * *

पुढच्या रविवारी आम्ही चिंचणीकरांकडे गेलो. गाडी अरविंदने चालवली. तो आपण होऊन आला होता. माडीचा जिना अरुंद होता. तो चढताना आमची वरात एकमेकांना धरून होती. सिंधूताईंनी अरविंदला या वेळी आठवणीने उजव्या हाताला घेतलं.

उदयराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्यापेक्षा बरेच तरुण. आम्ही सतरंजीवर बसलो आणि काहीच बोललो नाही. ते आम्हाला छान जमतं. बऱ्याच वेळाने ते आमच्याकडे वळले. गळ्याची शीर फुगली. ओठ हलायला लागले.

“चा...” ते म्हणाले.

अरविंदने झटकन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. दारातून आक्काआजी पुढे झाल्या, “चहा हवाय का रे?” निलोफर मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं.

“चा... चाल...” कपाळावर घाम आला होता. आम्ही बघत होतो. कुणी पुढे झुकलं नाही, कुणी मान हलवली नाही. “चालते... व्हा.”

आजींनी पदर तोंडाला लावला. केवढ्या तरी दिवसांनी त्यांनी मुलाचा आवाज ऐकला होता.

“स्वच्छ आलं,” सिंधूताई म्हणाल्या. “शेवटचा शब्दसुद्धा खाल्ला नाही.”

बबनने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “सर, चांगला माणूस दिसतोय. काय म्हणाला?”

“चालते... व्हा.”

“मग निघायचं?”

उदयराव माझ्याकडे बघत होते. रागाने बघत होते, पण बघत होते.

“नाही,” मी म्हणालो, आणि पाय मोकळे करून नीट बसलो.